आधी इंजिनाला हात, मग सलाम

हुसेनचाचा कुणाच्या आवारात शिरले की आधी माणसाला भेटत नसत, इंजिनाला भेटत. मालक हात पुढे करून उभा असायचा, "या चाचा, बसा, चहा घ्या," म्हणायचा. चाचा त्याच्या बाजूने सरळ पुढे जायचे, ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली हात घालायचे आणि तळवा इंजिनावर ठेवून डोळे मिटायचे. इंजिन गार लागलं तर मागे फिरून मालकाला सलाम करायचे, चहासुद्धा घ्यायचे. कोमट लागलं तर सलाम नाही, चहा नाही, तसेच बाहेर. मग रिक्षात बसल्यावर मला सांगायचे, "गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलंय, म्हणजे ती सकाळची गार चालू होत न्हाय. आणि ज्यानं एवढं करून ठेवलं, त्यानं अजून काय काय करून ठेवलंय ते शोधायला आपण कशाला थांबायचं?"

मी त्यांना ओळखत होतो ते भिवंडीत कामतघरच्या यंत्रमागांच्या, लूमच्या कारखान्यातून. ते तिथे जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. मी तिथे बारा वर्षं लूम चालवला. मी खारबावचा, आमच्या बौद्धवाड्यातून रोज ड्युटीला यायचो. ते भिवंडीचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान. अंगाने काटकुळे, चौकटीची लुंगी, पांढरी कातरलेली दाढी आणि सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर. लूमच्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान गेलेले. मशीन ऐकायचं असलं की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशिनाला टेकवायचे आणि मूठ दातांत धरायचे. आवाज दातांतून डोक्यात जातो म्हणे. मी एकदा करून बघितलं, तर दिवसभर दात शिवशिवत होते.

लूमच्या कारखान्यात कान कुणाचेच कामाचे नसतात. तिथे माणसं ओठ बघून बोलतात. दहा लूम सोडून पलीकडे उभा असलेला माणूस नुसते ओठ हलवतो, "तंबाखू हाय का?", आणि आपल्याला बरोबर कळतं. दोन-तीन वर्षांत सगळेच शिकतात. चाचांचे ओठ तर छापील पुस्तकासारखे. एक अक्षर चुकायचं नाही. त्यांना समोरच्याचे तर वाचता येतच, पण कारखान्याच्या काचेपलीकडे शेठ फोनवर काय बोलतो तेही येऊन सांगत. पगार उशिरा होणार हे आम्हाला शेठच्या मुनिमाच्या आधी कळायचं.

चाचांचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट अभिमान होता. "शक घ्यायला काय पडतं? फुकट हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. दूधवाल्याच्या दुधात बोट घालून बघायचे. रिक्षाच्या मीटरकडे असे बघायचे की रिक्षावाला आपणहून दोन रुपये कमी घ्यायचा. दलालांवर तर त्यांचा विशेष राग. "जो तुझ्याकडून काय घेत न्हाय, तो समोरच्याकडून घेतो. फुकट कोण उन्हात फिरतो?" असं ते म्हणायचे. हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. पुढे त्यानेच घोटाळा केला.

आमचा कारखाना बंद पडणार हे नक्की झालं तेव्हा मी ठरवलं की आता दुसऱ्याच्या लूमवर जायचं नाही. भिवंडीजवळ पूर्ण्याकडे गोडाऊनं उठत होती. प्रत्येक गोडाऊनला पाण्याच्या पाइपाची चर लागते, केबलची चर लागते, संडासाच्या टाकीचा खड्डा लागतो. मोठं खोदायचं मशीन दोन भिंतींच्या मधल्या बोळात शिरत नाही. छोटा ट्रॅक्टर शिरतो, पुढे माती उचलायला लोडर, मागे खोदायला बकेटवाला लांब हात. नवा घ्यायची माझी ऐपत नव्हती, जुना मिळाला तर धंदा उभा राहणार होता. पूर्ण्याचा एक ठेकेदार काम द्यायला तयार झाला, पण म्हणाला, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मशीन जागेवर पाहिजे. नसलं तर मी दुसरा बघतो." चालू महिना कारखान्याचा शेवटचा होता. म्हणजे मंगळवार चुकला असता तर लूमही नाही आणि ट्रॅक्टरही नाही. बायको सविता एवढंच म्हणाली, "हुसेनचाचांना घेऊन जा. तुम्हाला कुणीपण गंडवील."

मग आम्ही दोघं जुन्या मशिनांचे अड्डे धुंडाळायला लागलो. काय काय प्रकार बघितले! गिअरचा आवाज दबावा म्हणून ऑइलमध्ये लाकडाचा भुसा घातलेला. धूर दिसू नये म्हणून घट्ट तेल भरलेलं. तास मोजणाऱ्या मीटरची वायर काढून ठेवलेली, आणि मालक शपथेवर सांगतोय की मशीन घरातल्या घरात वापरलंय. "घरातल्या घरात? हॉलमध्ये खड्डा खणत होतास का?" चाचांनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलायचे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणून जे सांगायचे ते रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. "मिलिन, हा माणूस चोर हाय, घेऊ नको," हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं आणि तो माणूस चार हातांवर उभा होता.

मागच्या हाताची परीक्षा त्यांची स्वतःची होती. बकेट पूर्ण वर उचलायची, इंजिन बंद करायचं, बकेटीच्या उंचीवर भिंतीला खडूने रेघ मारायची आणि त्यांनी नमाजाला जायचं. "हायड्रोलिकचा दम चांगला असंल तर मी अल्लासमोरनं परत येईपर्यंत बकेट जागेवर राहील. दम गेला असंल तर खाली बसंल." एका ठिकाणी ते असे असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाला बसले आणि मी नाक्यावर चहा सांगायला गेलो. परत येऊन बघतो तर बकेट बरोब्बर रेघेवर. मी खूश. चाचांनी मात्र रेघेकडे बघितलंच नाही, सायलेन्सरला बोट लावलं आणि चटका बसल्यासारखं झटकलं. "मी हिला बंद करून गेलो होतो. एवढ्यात ताप भरला काय हिला?" बकेट खाली बसली होती आणि मालकाने इंजिन चालू करून ती परत उचलून ठेवली होती. म्हातारा बहिरा, त्याला काय कळतंय, असा त्याचा हिशेब. चाचा त्याला म्हणाले, "नमाज पढणाऱ्याच्या पाठीमागं केलंस हे. मला न्हाय फसवलंस, बाबा."

अशी आठ मशिनं आम्ही सोडली. खरं सांगायचं तर पाच चाचांनी सोडली आणि तीन मी. त्यांचं बघून बघून माझ्या मनात अशी काही पाल चुकचुकायला लागली की रंग जुना दिसला तरी शंका आणि नवा दिसला तर डबल शंका. आठव्याच्या वेळी चाचा म्हणाले, "घे ही, बरी हाय." मी म्हटलं, "टायर बघा ना, आतून एकीकडेच झिजलाय." चाचा माझ्याकडे बघत राहिले. "टायर बदलता येतो रे. तुझ्यासारखं केलं तर माणसाचं लग्नच व्हायचं न्हाय," म्हणाले. मंगळवार दहा दिवसांवर आला होता.

नववं मशीन हायवेच्या कडेच्या एका अड्ड्यावर सापडलं. तिथला शेठ गप्प बसणारा माणूस होता. इंजिन गार. चाचांनी दात लावून ऐकलं आणि त्यांच्या तोंडावर असं काही आलं की मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. "शंभरात एक हाय," म्हणाले. बकेट नमाजभर जागेवर राहिली. मग त्यांनी मला सीटवर बसवलं, "लिव्हर हलवून बघ, हात बसतो का," म्हणाले आणि शेठला घेऊन आवाराच्या पलीकडच्या टोकाला गेले.

मी इंजिन वाढवलं. सगळं आवार दणाणत होतं. लिव्हर ओढता ओढता सहज मान वर केली तर चाचा शेठच्या छातीवर बोट ठेवून काहीतरी सांगत होते. दुसरा कुणी असता तर त्याला काही कळलं नसतं. एवढ्या आवाजात दोन माणसं लांब बोलतायत, संपलं. पण मी बारा वर्षं हेच तर केलं होतं! चाचांचे ओठ मला स्वच्छ दिसत होते. ते म्हणत होते, "त्याला सांगू नको. अजिबात सांगू नको." बाहेरचा माणूस आवाजाचा आडोसा घेतो तसा त्यांनी घेतला, आणि मशिनावर बसलेला माणूस लूमवाला आहे हे तेच विसरले.

बघा, जो इकडून काही घेत नाही तो तिकडून घेतो. आठ ठिकाणी माझ्याबरोबर उन्हात फिरले, चहा आणि खारी सोडून माझ्याकडून कधी काही घेतलं नाही, ते का, हे मला त्या सीटवर बसल्या बसल्या कळल्यासारखं झालं. शेठकडून कमिशन ठरलं होतं! तरी मशीन मी घेतलं. मंगळवार समोर उभा होता आणि इंजिन खरंच चांगलं आहे हे माझ्या हातांना कळत होतं. शेठ म्हणाला, "जरा सर्व्हिसिंग करून देतो, चार दिवसांनी घेऊन जा." चाचांनी मान हलवली. मी कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही.

मंगळवारी पूर्ण्याला पहिली चर खणायला गेलो तर चाचा आधीच तिथे हजर, हातात लांब लोखंडी सळई. मी बोलावलं नसताना आलेला माणूस बघून माझं डोकं फिरलं. ठेकेदाराने नकाशा दाखवला, खडूने रेघ मारली, खण म्हणाला. चाचा आडवे आले. "नकाशा कागदावर हाय, केबल जमिनीत हाय. दोघांची भेट झालीय का कधी?" असं म्हणून ते रेघेवर वाकून वाकून, हळूहळू सळई टोचत चालत गेले. एका जागी थांबले, गुडघ्यावर बसून हातांनी माती उकरली. खाली विजेची केबल होती, नकाशापेक्षा पुरती दोन हात अलीकडे. मी बकेट मारली असती तर मी आज हे लिहायला नसतो.

आणि एवढं होऊनही, बघा माझी अक्कल, मला वाटलं की हा माणूस आपलं पाप झाकायला आलाय. दुपारी डबा खाताना मी त्यांच्यासमोर तोंड करून, आवाज न करता, नुसते ओठ हलवून विचारलं, "चाचा, शेठने तुम्हाला काय दिलं?"

त्यांनी वाचलं. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. ते मोठ्याने म्हणाले, "शिकलास." एवढंच. सळई ट्रॅक्टरला टेकवून ठेवली, हात धुतले आणि रिक्षा करून निघून गेले. मला वाटलं, पकडला गेला म्हणून गेला. चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर दीड वर्ष ते आले नाहीत आणि मीही गेलो नाही. मशीन मात्र एकही दिवस थांबलं नाही. रोज सकाळी गार इंजिन एका चावीत चालू व्हायचं, आणि रोज सकाळी मला चाचा आठवायचे आणि राग यायचा.

दीड वर्षाने त्यांच्या मुलाचा, अस्लमचा फोन आला. "मिलिंदभाई, अब्बाच्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. आवाज गेलाय पूर्ण. त्यांना लिहिता येत नाही, ऐकू येत नाही, नुसते ओठ हलवतात, आम्हाला एक शब्द कळत नाही. आज सकाळपासून भिंतीवर तुमच्या ट्रॅक्टरचं चित्र काढतायत बोटाने. तुम्हाला कळतं म्हणे त्यांचं?"

मी गेलो. कामतघरच्या त्यांच्या घरी खिडकीपाशी खाट टाकली होती. चाचा उशीला टेकून बसले होते, गळ्याला पट्टी, अर्धे झालेले. मला बघितल्याबरोबर त्यांनी ओठ हलवले. "सकाळी गार चालू होतो का?"

"एका चावीत," मी म्हटलं. आमच्या बोलण्याला आवाज लागत नाही, तेवढं बरं झालं.

मग मी रोज कामावरून सुटलो की जायला लागलो. त्यांचं सांगायचं आणि घरच्यांना कळवायचं, ही माझी नवी ड्युटी. ते आजारपणातही तसेच होते. सुनेने पेज आणली की म्हणायचे, "हिला मीठ परवडत न्हाय का?" मी तिला सांगायचो, "पेज छान झालीय म्हणतात, फक्त चिमूटभर मीठ टाका." एक नातेवाईक खूप वेळ बसून रडला. चाचांचे ओठ म्हणाले, "हा खोटा रडतोय, एक डोळा कोरडा हाय बघ." मी म्हटलं, "तुम्ही आलात, बरं वाटलं म्हणतात." चाचा माझे ओठ वाचून हसले. "तू दलाल झालास," म्हणाले.

त्या दलाल शब्दाने माझा धीर झाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "चाचा, त्या दिवशी तुम्ही शेठला म्हणालात, त्याला सांगू नको. मी वाचलं होतं. काय सांगू नको?"

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. मग एकेक शब्द सावकाश आला. "मागच्या हाताच्या खांद्यात चीर होती. वरनं रंग मारला होता. माझ्या नखाला लागली. शेठला म्हटलं, कापून काढ, जाड पट्टी घालून वेल्डिंग कर, मी समोर बसंन. चार दिवस बसलो त्याच्या वेल्डरपाशी. तुला सांगितलं असतं तर तू पळाला असतास. आठ सुटल्या होत्या. इंजिन शंभरात एक होतं रे."

"मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू प्रत्येक बकेटीला मागं बघत बसला असतास. मागं बघणारा पुढं माणूस मारतो." मग म्हणाले, "तुझा शक खोटा नव्हता. मी लपवलं होतं. पण तू अर्धाच शक घेतलास. लपवलं हे धरलंस, कशासाठी ते न्हाय धरलंस."

घरी जाऊन मी ट्रॅक्टरच्या मागे आडवा झालो आणि हाताच्या खांद्याखाली बोटं फिरवली. पट्टी होती. कडा इतक्या घासलेल्या की दीड वर्ष ग्रीस लावूनही मला कधी कळली नव्हती. मला फार लाज वाटली. सविताला सांगितलं तर ती म्हणाली, "आता तरी त्यांच्यासाठी डब्यात काहीतरी घेऊन जा." दुसऱ्या दिवशी मी खारी नेली. त्यांना गिळता येत नव्हती, तरी त्यांनी हातात घेऊन वास घेतला.

त्याच आठवड्यात दवाखान्यात परत तपासणी झाली. बाहेर आल्यावर अस्लमने मला जिन्यात गाठलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत. मिलिंदभाई, अब्बाला सांगू नका. त्यांना वाटतंय बरे होतायत." मी हो म्हटलं.

संध्याकाळी खाटेपाशी बसलो. चाचांनी बोटाने मला जवळ बोलावलं. ओठ हलले, "डॉक्टर अस्लमशी काचेच्या दाराआड बोलला. मी सगळं वाचलं." चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, इंजिनावर ठेवायचे तसाच, तळवा पूर्ण टेकवून. "मला म्हाईत हाय हे त्याला सांगू नको. अजिबात सांगू नको. पोरगा खुशीत येऊन बसतो माझ्यापाशी. बसू दे."

तेवढ्यात अस्लम दारात आला. "काय म्हणतायत अब्बा?"

"पाणी मागतायत," मी म्हटलं.

अस्लम धावत जाऊन भांडं घेऊन आला. चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि तहान नसताना, गळा दुखत असताना, त्यातले दोन घोट प्यायले. सहाव्या दिवशी ते गेले. जनाज्याला मी खांदा दिला.

अस्लम अजून भेटतो. मागच्या महिन्यात त्याच्या घराचा पाइप बदलायला मी ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो, आधी सळई टोचून बघितली, मग खणलं. काम झाल्यावर चहा घेताना त्याने परत तेच विचारलं, "मिलिंदभाई, खरं सांगा, त्या दिवशी अब्बा पाणीच मागत होते?"

"पाणीच," मी म्हटलं.

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. विश्वास बसला नाही त्याचा, दिसतच होतं. घेऊ दे शक. शक घ्यायला काय पडतं?